सरड्याच्या पोटी सोनेरी अंडं

१

सिग्नलच्या लेंडीत तिसऱ्या खेपेलाही जंतांची अंडी सापडली, ही बातमी नानाजी लांजेवारांच्या कानावर आली तेव्हा ते चहात टोस बुडवत होते. खोटं कशाला सांगायचं, तो टोस त्यांना भलताच गोड लागला.

सिग्नल म्हणजे गुणवंतराव शेंडे यांचा इग्वाना. शेपटीसकट चार फूट लांब, हिरवागार, पाठीवर करवतीसारखे दाते असलेला परदेशी सरडा. पुण्याच्या लेकाला फ्लॅटमध्ये तो सांभाळणं होईना, म्हणून त्याने सरकारी नोंदीच्या कागदांसकट तो नागभीडला बापाकडे आणून सोडला. घोरपड पाळली म्हणून वनरक्षक दोनदा चौकशीला आला आणि दोन्ही वेळा कागद वाचून, चहा पिऊन परत गेला. गुणवंतरावांनी रेल्वेत गार्ड म्हणून बत्तीस वर्षं हिरवा बावटा दाखवला होता. ते दुसरं काय नाव ठेवणार?

आणि नानाजी म्हणजे ढोर दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. तालुक्यात असं जनावर नाही ज्याच्या पोटात माझ्या हातचं जंताचं औषध गेलं नाही, असं ते सांगत. एकदा म्हणे त्यांनी एका रेड्याला असं औषध पाजलं, की पडलेल्या जंतांचा दोर वळून लोकांनी विहिरीतून पाणी शेंदलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती विहीर वीस हात खोल होती. हल्ली ती साठ हातांवर गेली आहे.

दोन वर्षांपूर्वी धानोऱ्याकडची दिव्या मडावी शिकून डॉक्टर होऊन आली आणि तिने बसस्टँडमागे दवाखाना टाकला. तेव्हापासून नानाजींचा ओटा ओस पडला. पूर्वी तिथे सकाळी माणसं बसत. आता एक कुत्रं बसे, आणि त्याला सुई तिनेच टोचलेली. तिच्या पाटीवर गाय, कुत्रा, मांजर होतेच. सिग्नल तिच्याकडे जायला लागल्यावर तिने खाली एक सरडाही रंगवून घेतला. तो सरडा बघू नये म्हणून नानाजी बाजाराला जाताना लांबचा फेरा मारत.

तर त्या सकाळी खुद्द गुणवंतराव औषधाची एक जुनी बाटली घेऊन ओट्यावर आले. बाटलीत तिसऱ्या नमुन्यातला उरलेला अर्धा भाग होता. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. दोन वेळा औषध झालं, तरी जंत तसेच. जनावर आठ दिवसांपासून पानाला तोंड लावत नाही. उद्या चार वाजता तिसरं औषध, तेही सुईतून. आणि डॉक्टरीणच म्हणते की त्याचं अंग ते सोसेल याची खात्री नाही, न द्यावं तर जंत मारतील. कुणीतरी मुद्दाम करत आहे, अशी गुणवंतरावांची पक्की समजूत होती.

"तुम्ही शोधा," ते म्हणाले. "तिची दवाई चुकली असन, तर तिची पाटी मी सोता उतरवतो. पुऱ्या स्टेशन रोडले सांगतो का नानाजीच खरे."

नानाजींच्या छातीत ढोलकी वाजू लागली. चेहरा मात्र त्यांनी मयताला आल्यासारखा ठेवला. संशय कुणावर आहे, असं त्यांनी विचारलं.

"पयला तं तुमच्यावरच होता," गुणवंतराव म्हणाले. "तिच्यावर तुमच्याएवढं जळते कोन?"

२

आता गुन्हेगार शोधायचा तो नुसता दिव्याला पाडण्यासाठी नव्हे, स्वतःची मान सोडवण्यासाठीही. नानाजी धोतर झटकून थेट तिच्या दवाखान्यात गेले. चूक तिच्याच टेबलावर सापडणार याची त्यांना खात्री होती. तशी त्यांची इच्छाही होती, आणि या वयात माणूस दोन्हींत फार फरक करत नाही.

दिव्याने खुर्ची पुढे केली आणि न मागताच सगळी वही उघडून दाखवली.

पहिला नमुना सिग्नलने तिच्या टेबलावरच दिला होता. त्यातली अंडी लांबट होती, एका बाजूने चपटी. पाला खाणाऱ्या सरड्यांच्या पोटात हे जंत थोडेफार असतातच, त्यांचं काही बिघडत नाही. पण इथे भलतीच गर्दी होती. तिने जनावराचं वजन करून, हिशेबाने औषध दिलं. पंधरा दिवसांनी घरी जाऊन दुसरा नमुना घेतला. त्यात चपट्या बाजूची अंडी जवळजवळ नव्हतीच. त्यांच्या जागी दुसरीच होती. गोलसर, पातळ कवचाची, आत द्राक्षाच्या घडासारख्या पेशी. म्हणून तिने औषध बदलून दिलं, आणि त्यानंतर सिग्नलने खाणं सोडलं. काल पुन्हा घरी जाऊन तिसरा नमुना आणला. गोल अंडी होती तेवढीच.

नानाजींनी वजन पाहिलं, बरोबर होतं. औषधाचा डोस बोटांवर मोजला, तोही बरोबर. नमुना मिठाच्या दाट पाण्यात ढवळायचा, म्हणजे हलकी अंडी वर तरंगतात, मग ती काचपट्टीवर घ्यायची, ही रीतही तिने बिनचूक पाळली होती. त्यांनी तिच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. आत विजेचा दिवा होता. त्यांच्या घरी लिलावातला आरशाचा मायक्रोस्कोप होता. सूर्य ढगात गेला की त्यातले जंतही सुटीवर जात. इथे अंडी लग्नाच्या मांडवातल्यासारखी झगमगत होती. नानाजींना त्या मायक्रोस्कोपचीही असूया वाटली. तिला औषध नसतं.

घरचा नमुना उचलला कोणी, एवढंच विचारायचं राहिलं होतं. दिव्या जरा ओशाळली. दोन्ही वेळा अंजनाबाईंनी तिला समोरच्या खोलीत चहाला बसवलं आणि मागच्या खोलीतून नमुना आणून हातात दिला. जनावर त्यांचंच, घर त्यांचंच. ती नाही म्हणू शकली नाही.

नानाजी उठले तेव्हा ती दारापर्यंत आली.

"काका, माह्यं काय चुकून राह्यलं ते तोंडावर सांगा," ती म्हणाली. "उद्याची सुई मले टोचू वाटत नाई."

असं सरळ विचारणाऱ्या माणसाचा नानाजींना फार राग येई. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात कुणाला असं विचारलं नव्हतं.

३

अंजनाबाई, म्हणजे गुणवंतरावांच्या मंडळी, अंगणात तांदूळ पाखडत होत्या. नानाजींनी सरड्याचं नाव काढायचा अवकाश, सुपातला कोंडा वाऱ्याच्या उलट्या दिशेने उडाला.

त्यांची तक्रार जास्वंदीवरून होती. दारातलं झाड त्यांनी देवासाठी लावलेलं. आता गुणवंतराव पहाटे उठून सगळी फुलं सरड्यासाठी तोडतात, एकेक पाकळी पुसतात आणि स्वतःच्या हाताने भरवतात. देवाला उरतं पान.

"चाळीस वर्साच्या संसारात या मानसानं मले एक फूल नाई देल्लं," त्या म्हणाल्या. "त्या सरड्याले रोज सात. आन वरून इचारते, बाळा, अजून एक खातं का?"

मग जनावराला काही कमीजास्त घालता का, असं नानाजींनी आडून विचारलं. बाई उखडल्या. त्या खोलीत पायही ठेवत नाही, डॉक्टरीणबाई यायची असली तेवढंच जाते, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

मागची खोली मातीची होती. ऊब देणाऱ्या विजेच्या दिव्याखाली सिग्नल पडला होता, डोळे अर्धे मिटलेले, मानेखालची कातडी ओल्या फडक्यासारखी लोंबलेली. खाली वर्तमानपत्र घालायला डॉक्टरने सांगितलं होतं, पण तो ते फाडून गिळायला लागला, म्हणून गुणवंतरावांनी काढून टाकलं. जमीन मात्र देवघरासारखी. कालच्या सारवणावर बोटांच्या कमानी ताज्या उमटल्या होत्या आणि त्यावर कचऱ्याची एक काडी नव्हती.

खिडकीबाहेर कुणीतरी खोकलं. पोचू होता. तळ्यावर मासे धरणारा, गुणवंतरावांचा शाळेपासूनचा सोबती. दोघं रोज दुपारी दोन ते चार पत्ते खेळत. सरडा आल्यापासून दोन ते चार ही सिग्नलला ऊन द्यायची वेळ झाली आणि पोचूचा डाव मोडला. तरी सवयीने तो रोज दोनला यायचा आणि खिडकीतून बघत उभा राहायचा. बायको दुसऱ्याबरोबर गेलेला नवरा कसा बघेल, तसा.

"मेला का?" पोचूने विचारलं.

नाही म्हटल्यावर तो नुसता हं म्हणाला.

नानाजी घराला वळसा घालून बाहेर आले. खिडकीच्या बरोब्बर खाली, पोचूच्या पायांशी, तळ्यातल्या गोगलगायींचे पाचसहा शंख पडले होते. पोचू गेल्यावर नानाजींनी ते उचलून घेतले.

४

घरी येऊन नानाजींनी गुणवंतरावांची बाटली काढली. मीठ त्यांनी घेतलं नाही. सगळी अंडी मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत. जड असतात ती खाली बसतात. धानाच्या मुलखात, जिथे ढोरं बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, काठचं गवत खातात, तिथे जडच अंडी शोधावी लागतात, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. नमुना साध्या पाण्यात कालवायचा, गाळायचा, पेल्यात निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा नवं घालायचं. असं तीनदा. मग तळाचा एक थेंब.

पाणी निवळेपर्यंत ते गोठ्यात गेले. चांदी गाय उभी होती. ती पूर्वी अडीच लिटर द्यायची, आता लिटरभर देताना उसासे टाकायची. जबड्याखाली तिला हातभर सूज होती. हातभर म्हणजे मुठीएवढी. दावं घासतं म्हणून ती आली, असं नानाजींनी ठरवून टाकलं होतं आणि दावं तीनदा बदललं होतं.

परत येऊन त्यांनी थेंब काचपट्टीवर घेतला, आरसा उन्हाकडे वळवला आणि डोळा लावला.

गोल अंड्यांच्या घोळक्यात एक अंडं होतं चांगलं दुपटीने मोठं. सोनेरी पिवळं. एका टोकाला छोटंसं झाकण.

नानाजींनी डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. हे अंडं ते आंधळे झाले असते तरी त्यांनी ओळखलं असतं. गुराढोरांच्या काळजात घर करणारा चपटा कृमी, लिव्हर फ्लूक. बोडीतल्या गोगलगायीच्या अंगात वाढतो, तिथून गवतावर येतो, गवतातून जनावरात.

गोगलगाय! ते तडक पोचूच्या घरी गेले. पोचू जाळं विणत होता. नानाजींनी शंख त्याच्यापुढे ठेवले, तसा त्याने हात खाली ठेवले.

"सोलून खिडकीतून टाकले मी," तो म्हणाला. "मंगयवारी. म्हटलं खाईन, दोन दिवस पोट बिघडन, तं गुनवंता मोकया सापडन. त्यानं ढुंकून पायलंबी नाई, नानाजी. तोबी नाई आन गुनवंताबी नाई."

दुसरा कुणी असता तर गुन्हेगार सापडला म्हणून वाजतगाजत निघाला असता. नानाजी तिथल्या खाटेवर बसून राहिले. मंगळवार म्हणजे चार दिवस. चपटा कृमी पोटात गेल्यावर अंडी घालायला निदान तीन महिने घेतो. शिवाय पाला खाणारा सरडा गोगलगाय चाटणार नाही, आणि चाटली तरी गुरांचा हा कृमी त्याच्या अंगात संसार मांडणार नाही. सिग्नलने बोडी पाहिलेली नाही, बोडीचं गवत खाल्लेलं नाही.

म्हणजे ते सोनेरी अंडं सरड्याच्या पोटात कधी नव्हतंच. आणि ते नव्हतं, तर ती द्राक्षाच्या घडासारखी गोल अंडीही कशावरून त्याची? तशी तर प्रत्येक गायीच्या शेणात सापडतात.

सरड्याच्या लेंडीत गायीचं शेण होतं. ते तिथे घातलं कोणी?

५

अंजनाबाई दिवेलागणीची वात वळत होत्या. नानाजींनी या वेळी आडून काही विचारलं नाही. डॉक्टरीण यायची असते त्या दिवशी तुम्ही त्या खोलीत काय करता, ते पहिल्यापासून सांगा म्हणाले.

बाईंना त्यात सांगण्यासारखं काही वाटेना. काय करणार? शिकलेली लेकीसारखी पोरगी घरी येणार, मागच्या खोलीत डोकावणार. घर मळकट दिसलं तर नाव कुणाचं जाईल, सरड्याचं की माझं? म्हणून त्या सकाळीच खोली सारवून काढत. आणि तिला चहा द्यायच्या आधी सारवणावर पडलेली लेंडी पळसाच्या पानाने उचलत.

वरवर उचलता की कशी, असं नानाजींनी विचारलं.

"वरवर कायले?" बाई दुखावल्या. "कमी पडू नये म्हनून खालून सारं खरवडून देतो. त्या जनावराचा मले राग हाये, पन डॉक्टरनीच्या कामात मी कसर नाई करत."

संपलं. पहिला नमुना दवाखान्याच्या टेबलावर पडला, म्हणून त्यात फक्त सरड्याचे जंत. पुढचे दोन्ही घरी पडले, पाहुणीसाठी ताज्या सारवलेल्या जमिनीवर, आणि बाईंनी मन लावून जमिनीसकट उचलले. दिव्याचं पहिलंच औषध लागू पडलं होतं. त्यानंतर ती शेणातल्या जंतांवर सरड्याला औषध देत होती, आणि जनावर खंगलं होतं ते नको असलेल्या औषधाने. तिची चूक एवढीच की नमुना स्वतः उचलायचा सोडून ती चहा प्यायली.

नानाजींनी ही सगळी साखळी मनात एकदा ओवून पाहिली. इतकी सुरेख होती, की दिव्या तिच्यात निर्दोष ठरते हेसुद्धा त्यांना क्षणभर चाललं. मग उठता उठता, नुसतं विचारायचं म्हणून, त्यांनी विचारलं की शेण आणता कुठून? तुमची ढोरं तर विकून पाच वर्षं झाली.

अंजनाबाईंनी वात खाली ठेवली.

"काऊन, भाऊ? तुमच्याच गोठ्यातून. या लायनीत दुसरी गाय हाये कुठी?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजींनी दोन पेले मांडले. सिग्नलखाली त्यांनी गुणवंतरावांकडून स्टीलचं ताट ठेववलं होतं; त्यात पडलेलं एका पेल्यात, चांदीचं शेण दुसऱ्यात. ताटातल्या नमुन्यात सरड्याच्या जंतांची दोनतीन चपट्या बाजूची अंडी सोडली तर काही नव्हतं. चांदीच्या पेल्याचा एक थेंब घेतला, तर सोन्याची खाण उघडली. एका नजरेत चौदा अंडी. दूध आटण्याचं आणि जबड्याखालच्या सुजेचं कारण त्यांच्याकडे झाकण उघडून बघत होतं. दावं तीनदा बदललेल्या माणसाने ते मोजलं.

आता सांगायचं कसं? शेण म्हटलं की कुणाचं, हे पोरही विचारेल. तालुक्याच्या ढोरांना औषध पाजणाऱ्याच्या गोठ्यातलीच गाय जंतांनी पोखरली, हे स्टेशन रोडला कळलं, तर ओट्यावरचं कुत्रंही उठून जाईल. आणि न सांगावं, तर काही करायचंच नव्हतं. चार वाजता सुई. सरडा गेला असता. पाटी उतरली असती. गोगलगायी टाकल्या म्हणून पोचूवर खापर फुटलं असतं, आणि त्याने ते मुकाट्याने घेतलंही असतं. कुणी नानाजींकडे बोट दाखवलं नसतं.

पावणेचारपर्यंत त्यांनी हेच ठरवलेलं होतं. मग ते फक्त बघायला म्हणून गेले.

मागच्या खोलीत सगळे होते. गुणवंतरावांनी सिग्नलला मांडीवर घेतलं होतं. दारात अंजनाबाई, खिडकीत पोचू. दिव्याने सुई भरली होती. तिने ती उजेडाकडे धरून हवा काढली, पुन्हा एकदा वजन वाचलं, पुन्हा हवा काढली. काढायला हवा उरली नव्हती. नानाजींच्या लक्षात आलं, की ही पोरगी थांबवायला कुणी आहे का याची वाट बघत आहे. जिच्या जागी आपण असावं म्हणून दोन वर्षं जळलो, त्या जागी बसून आत्ता ती कशी दिसते, हे त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं.

"ते ठेव खाली," ते म्हणाले. "जंत त्याचे नाईत. माह्या गाईचे हायेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टेबल, सारवण, पळसाचं पान, सोनेरी अंडं, तीन महिने, ताट. पोचूच्या गोगलगायी त्यांनी गाळल्या. कोड्याला त्यांची गरज नव्हती. अंजनाबाईंनी तोंडावर पदर घेतला. तुमची काही चूक नाही, तुम्ही घर सारवलंत, असं नानाजी म्हणाले तेव्हा गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक.

"म्हनजे तुमच्याच गोठ्यात एवढे जंत?" गुणवंतरावांनी विचारलं.

"एका नजरेत चौदा," नानाजी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आकडा वाढवला नाही.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. दिव्याने सुई रिकामी केली. औषध बंद, दिवा जरा खाली घ्या, कोमट पाण्यात बसवा, खाऊ लागला की मला सांगा, असं तिने गुणवंतरावांना सांगितलं. मग पेटी उचलून ती नानाजींकडे वळली आणि म्हणाली की दिवस आहे तोवर गाय बघून घेऊ.

गोठ्यापर्यंत अर्धा स्टेशन रोड मागे आला होता. दिव्याने चांदीच्या छातीला टेप लावून वजन काढलं, चपट्या कृमींचं औषध मोजून बाटलीत भरलं. मग डाव्या हाताने तिने गायीचा जबडा धरला. अंगठा बरोबर बिनदाताच्या फटीत, मान आडवीच, औषध फुप्फुसात उतरू नये इतपतच वर. असं धरायला नानाजींना नोकरीत सहा वर्षं लागली होती. तिने गर्दीकडे एकदा पाहिलं, जबडा सोडला आणि बाटली त्यांच्यापुढे केली.

"तुम्हीच पाजा, काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मोठ्या जनावराचं मले भेव लागते."

नानाजींनी बाटली घेतली. एक थेंब न सांडता त्यांनी औषध पाजलं, आणि मागे कुणीतरी, हात अजून तसाच आहे बाप्पा, असं म्हणालं. त्यांनी वळून पाहिलं नाही. ती खोटं बोलली होती, आणि इतक्या सफाईने की तीस वर्षं थापा मारून त्यांना एकही तशी साधली नव्हती. चांदीच्या गळ्यावरून हात फिरवत, औषध खाली उतरेपर्यंत, ते त्या पोरीवर नव्याने जळत उभे राहिले.